तासभर आधी

ऑक्सिजनच्या मशीनच्या पाठीमागे, वायर जिथून बाहेर येते त्याच्या थोडं वर, काडेपेटीएवढी काचेची खिडकी असते. तिच्यात पाच आकडे दिसतात, चार काळे आणि शेवटचा लाल. मशीन जितका वेळ चालतं तितके तास हे आकडे मोजतात. लाल आकडा तासाचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे सहा मिनिटं. हे आकडे मागे फिरवता येत नाहीत आणि मशीन बंद असताना पुढेही जात नाहीत.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्या खिडकीवर उभं आहे.

माझी नोकरी मोजमापाच्या प्रयोगशाळेत झाली. एकतीस वर्षं. लोक वजनकाटे, तापमापक, दाबाची मीटरं आणून द्यायचे आणि ती खरं सांगतात की नाही हे आम्ही तपासायचो. भावोजी म्हणायचे, "हिला खोटं बोलणारी यंत्रं पकडायचा पगार मिळतो. माणसं पकडायला ठेवलं असतं तर माझं लग्न ठरलंच नसतं." भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आयुष्यात ते गंभीरपणे फार थोडं बोलले आहेत. त्यातली दोन वाक्यं या गोष्टीत येतील.

ताईला एकच मुलगी होती. लहानपणी गालात शेंगदाणे भरून घरभर हिंडायची, म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे. विसाव्या वर्षी तिची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली, ओला स्पंज वाळत जावा तशी. शेवटचे चौदा महिने ती ऑक्सिजनच्या मशीनवर होती. बाविसावं संपायच्या आत गेली.

त्यानंतर तीन आठवडे ताई कुणाशी बोलली नाही. मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "हे मशीन मिळवायला आपण गावभर वणवण केली. दुसऱ्या कुणाच्या आईला करायला लागू नये." बास, एवढंच. खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. खारूच्या वर्गातल्या मुलांनी दोन मशीनं आणून दिली, नातेवाइकांनी तीन, मग अनोळखी लोक द्यायला लागले. दारावरच्या फलकावर तिचं शाळेतलं नाव आहे, पण लोक "खारूची मशीनं" असंच म्हणतात. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याने यावं, मशीन न्यावं, गरज संपली की परत आणून द्यावं. खाटा आणि चाकांच्या खुर्च्याही आहेत. भावोजी फोन आणि अर्ज सांभाळतात, ताई स्वच्छता बघते आणि मी दर मंगळवारी चार वाजता जाऊन परत आलेली मशीनं तपासते.

तपासणी सोपी असते. मशीन तासभर चालू ठेवायचं, म्हणजे आतले हवा गाळणारे दाणे नीट कामाला लागतात. मग ऑक्सिजनचे टक्के मोजणारं माझं मुठीएवढं मीटर आधी खोलीतली साधी हवा हुंगवून २०.९ वर आणायचं आणि मशीनच्या नळीला जोडायचं. चांगलं मशीन ९० च्या वर दाखवतं. प्रत्येक मशीनचं एक कार्ड आहे: तारीख, खिडकीतले तास, ऑक्सिजनचा आकडा आणि माझी सही. सहीशिवाय मशीन दाराबाहेर जात नाही. जुन्या बनावटीच्या मशीनवर ऑक्सिजन कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा नसतो. तिथे दिव्याच्या जागी मीच.

एक नंबरचं मशीन कुणाला दिलं जात नसे. ते खारूचं. वर तिच्या खोलीत, खिडकीखाली, पांढऱ्या चादरीखाली ते उभं असायचं. वायर गुंडाळून कापडी पट्टीने बांधलेली. पण कार्ड आहे म्हटल्यावर नोंद हवी, म्हणून महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी चादर उचलून खिडकीतला आकडा लिहायचे. ६२१४.० हा तिचा शेवटचा आकडा. तीन वर्षांत मी तो पस्तीस वेळा लिहिला.

छत्तिसाव्या वेळी तिथे ६२१८.० होतं.

मी चष्मा पुसला. परत वाचलं. मग कार्डावर लिहिलं, कारण जे दिसतं ते लिहायचं असतं, आणि खाली गेले.

"ताई, एक नंबर कुणी चालवलं का?"

ताई एका खाटेचे गज पुसत होती. "कोण चालवणार? तिथे मी झाडायला जाते तेवढंच."

"भावोजी?"

"मी?" भावोजींनी फोनवर हात ठेवला. "अगं, मला पंख्याचं बटण सापडत नाही या घरात. काल दिवा लावायला गेलो आणि मिक्सर सुरू झाला."

"चार तास जास्त दाखवतंय."

त्यांनी फोन कानाला लावला, "नंतर करतो" म्हणाले आणि ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंगळवारी दुपारी मी त्या खोलीत जात नाही. तिथे कुणीतरी कधीपासून थांबून राहिलंय असं वाटतं."

मी वाट पाहिली. पुढे काही विनोद आला नाही.

मी शोधायला लागले ते कारण, दुसरं काही नाही. घराच्या मागे छापखाना आहे. त्याची यंत्रं चालली की त्या खोलीतला काचेचा पेला टेबलावर थरथरतो. हादऱ्याने आकड्याचं चाक सरकू शकतं, हे मला पटण्यासारखं होतं. चार तास नेमके चार कसे सरकले, पाव कमी की पाव जास्त का नाही, हे तेवढं पटत नव्हतं. प्रयोगशाळेत आम्ही तपासलेल्या यंत्रावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही करायचो, म्हणजे कुणी उघडलं तर पट्टी फाटायची. तशी पट्टी मी एक नंबरच्या प्लगच्या पिनांवरून चिकटवली. सही केली. तारीख, वेळ.

पुढच्या मंगळवारी पट्टी जशीच्या तशी होती. सहीची शाईसुद्धा फिसकटलेली नव्हती. खिडकीत ६२१९.० होतं.

मी मशीनच्या अंगावर तळहात ठेवला. ते कोमट होतं. रोग्याच्या कपाळावर हात ठेवून आपण थोडा वेळ तसाच ठेवतो, खात्री करायला, तसा मी तो ठेवला. पडदा ओढलेला होता, ऊन त्या भिंतीवर येत नाही. छापखाना शांत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की छापखाना मंगळवारी बंदच असतो.

आठवड्याला एक तास. मंगळवारी. मी चारला येते, तर तीन ते चार.

आता मला खारूबद्दलची ती गोष्ट सांगायला हवी. ती तोपर्यंत मी कुणालाही सांगितली नव्हती.

खारू आजारी होती तेव्हाही मी दर मंगळवारी चारला जायचे, कामावरून परस्पर. तेव्हा तपासायला एकच मशीन होतं. दिवसातून काही तास ती त्याच्याशिवाय राहू शकायची, आणि दुपारची ती मोकळीक तिला फार प्रिय होती. खिडकीत बसायची, नाकात नळी नसलेला चेहरा वाऱ्याला द्यायची. पण मंगळवारी ती तीन वाजताच मशीन चालू करून ठेवायची. मी आले की म्हणायची, "तासभर आधी तापवून ठेवलंय हं, मावशी. काढा तुमचं मीटर. आज नापास झालं तर त्याला अंगठे धरून उभं करू." मी मीटर जोडायचे आणि आकडा मशीनच्या कार्डावर लिहायचे. ९३. दर वेळी ९३. चौदा महिने त्यात एका अंकाचाही फरक पडला नाही.

शेवटच्या मंगळवारी मी दमून आले होते. खारू म्हणाली, "मावशी, दोन दिवस झाले, हवा पातळ वाटते गं."

मी वाकून मशीनच्या पुढच्या काचेच्या नळीतली गोळी बघितली. ती दोनच्या रेघेवर नीट तरंगत होती. म्हटलं, "बरोबर आहे बाळा. तुला थकवा आलाय."

ती गोळी हवा किती वाहते ते दाखवते. त्या हवेत ऑक्सिजन किती आहे हे ती दाखवत नाही. हे कुणालाही ठाऊक नसलं तरी चालेल. मला ठाऊक होतं. मीटर माझ्या पिशवीत होतं.

"मोजत नाहीस? मी तापवून ठेवलंय ना," ती म्हणाली.

"पुढच्या मंगळवारी दोनदा मोजते."

आणि कार्डावर मी लिहिलं, ९३. सही केली. शुक्रवारी दुपारी ती गेली.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आता महिन्यांचा प्रश्न आहे. म्हणून कुणी काही विचारलं नाही. कार्ड कुणी बघितलं नाही. ताईने ते जपून ठेवलं, कारण त्यावरची शेवटची तारीख लेकीच्या हयातीतली होती. त्याच कार्डावर मी पुढे पस्तीस वेळा तास लिहिले, आणि प्रत्येक वेळी माझा अंगठा त्या ९३ वर असायचा.

एवढं झाल्यावर माणूस पुन्हा तसं करणार नाही, असं वाटेल. मलाही वाटायचं. पण खिडकीतला आकडा बदलला त्याच्या महिनाभर आधी अकरा नंबरचं मशीन चार दिवसांतच परत आलं होतं. तेवढ्यात काय बिघडणार? गुडघे दुखत होते, बाहेर मशीन न्यायला आलेली माणसं घाईत होती. मी न मोजता ९३ लिहिलं आणि पुढच्या घरी देऊन टाकलं.

पुढच्या मंगळवारी मी पावणेतीनला गेले. ताईला सांगितलं की वरच्या कपाटातली जुनी कार्डं लावायची आहेत. खोलीत खारूची खुर्ची होती, तिच्यात बसले. चादर काढून मशीन वळवून ठेवलं, म्हणजे खिडकी माझ्याकडे येईल. वायरचं भेंडोळं मांडीवर घेतलं. प्लगवरची पट्टी शाबूत होती. प्रयोगशाळेतला तापमापक मशीनला टेकवून ठेवला. खोली २६, मशीन २६.

तीन वाजले.

आवाज काहीच नाही. ऑक्सिजनचं मशीन चालतं तेव्हा दर सहा-सात सेकंदांनी सुस्कारा टाकतं, ज्या घरात ते असतं तिथे तो सुस्कारा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. इथे रस्त्यावरून सायकलची घंटा ऐकू येत होती. खाली भावोजी कुणाला तरी समजावत होते की खाट घडी होते, पण त्यावर माणूस झोपलेला नसताना.

तीन वाजून दोन मिनिटांनी लाल आकडा हलला. शून्य वर सरकू लागला आणि खालून एकाचं टोक दिसायला लागलं. घड्याळाच्या तासकाट्याकडे बघत बसलं तर तो हलताना दिसत नाही, तरी हललेला असतो. हेही तसंच होतं. तीन वाजून सहा मिनिटांनी एक पुरता वर आला. तापमापक २८. मग ३१. मी दर सहा मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत लिहीत गेले. अक्षर नेहमीसारखंच येत होतं, याचं मला आश्चर्य वाटलं. वायर माझ्या मांडीवर होती आणि तिच्यात एवढीशीही ऊब नव्हती.

चार वाजता, ६२२०.० ला, तो थांबला. मशीन ३८ वर होतं.

मी तशीच बसून राहिले. खोलीत भीती वाटावं असं काही नव्हतं. सावली नाही, गारवा नाही. फक्त एक गोष्ट होती. मी पाहुणी म्हणून कुणाकडे गेले आहे, यजमानाने सगळं मांडून ठेवलं आहे, आणि मी हात धुवायला उठत नाहीये, असं मला वाटत होतं. मीटर पिशवीतच होतं. सव्वाचारला मी चादर घातली आणि खाली आले.

"लागली का कार्डं?" ताईने विचारलं.

"लागली," मी म्हटलं.

सोमवारी ताईचा फोन आला. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. नवरा रंगारी, आयुष्यभर रंगाच्या वाफा ओढून छाती गेलेली, दवाखान्यातून बुधवारी घरी सोडणार. सोळाच्या सोळा मशीनं बाहेर होती.

"मी ठरवलंय," ताई म्हणाली. "एक नंबर द्यायचं."

"ताई, ते राहू दे. ती तिची आठवण आहे."

"आठवण चादरीखाली धूळ खातेय. तीन वर्षं मी जी चादर धुते ना, तिच्यापेक्षा त्या रंगाऱ्याचा उपयोग जास्त. तू उद्या तपास, सही कर आणि देऊन टाक."

"दुसरं बघू ना कुठून तरी—"

"का गं?" ताई थांबली. "मी द्यायला तयार झाले आणि तू का अडतेयस?"

मी "येते" म्हटलं.

मंगळवारी चारला पोचले तर त्या बाई बाहेरच्या बाकावर बसलेल्या होत्या. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच, काढायची राहिलेली. माझ्याबरोबर जिना चढल्या. ताई आधीच वर होती. तिने चादर काढून घडी घालून पलंगावर ठेवली होती. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी ते मशीन तिच्यासमोर उघडं बघत होते. खिडकीत ६२२१.० होतं. ते तिला कळायचं कारण नव्हतं.

"बाई, मला यातलं काही समजत नाही," शिवणाऱ्या बाई म्हणाल्या. "एकच विचारते. आकडा तुम्ही स्वतः मोजून लिहिता ना? नाही, राग मानू नका. आमच्याकडे पोरी ठेवल्यात कामाला, त्या गिऱ्हाईक ओळखीचं असलं की डोळ्यांनीच माप घेतात. 'मागच्या वेळचंच आहे ना, काकू!' म्हणतात. आणि कपडा बसत नाही."

ताई हसली. "आमच्या हिला तुम्ही ओळखत नाही. ही मीठ घालतानासुद्धा मोजते."

मी पट्टी फाडली. आपलीच सही मधून फाटताना बघितली. प्लग लावला, बटण दाबलं. मशीनने तीन वर्षांनी सुस्कारा टाकला आणि ताईचा हात पलंगाच्या कडेवर घट्ट झाला. मीटर हवेत धरलं, २०.९. नळी जोडली.

थंड मशीन पहिली वीस-पंचवीस मिनिटं आकडा हळूहळू वर नेत राहतं, म्हणून तर आधी तासभर चालवायचं असतं. हा आकडा मिनिटभरात चढला आणि जिथे थांबायचा तिथे थांबला. तापवून ठेवलेल्या मशीनसारखा.

७४.

मी वीस मिनिटं थांबले. नळी बदलली, मीटर पुन्हा हवेत धरून आणलं, दुसऱ्यांदा मोजलं. पुढच्या मंगळवारी दोनदा मोजते, असं मी म्हणाले होते.

७४.

"कमी आहे का?" ताईने विचारलं.

"हो. हे मशीन देता येणार नाही."

शिवणाऱ्या बाईंचा चेहरा पडला, पण त्या म्हणाल्या, "बरं झालं मोजलंत."

"पडून राहिल्याने बिघडलं असेल," ताई म्हणाली. तिने मला दार उघडून दिलं होतं. त्यातून बाहेर पडता आलं असतं. पडून राहिल्याने हे दाणे खरंच दमट होऊन बिघडतात, कुणीही सांगितलं असतं.

मी त्या बाईंना म्हटलं, "खाली थोडा वेळ बसाल का? तुमची सोय होईल." त्या गेल्या. मग मी कार्ड घेतलं. प्रयोगशाळेचा नियम असा की चुकलेला आकडा खोडायचा नाही, वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, बाजूला कारण आणि सही. खारूच्या शेवटच्या मंगळवारच्या ९३ वर मी रेघ मारली. बाजूला लिहिलं: न मोजता लिहिला. सही केली. कार्ड ताईच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. गोळी, पिशवीतलं मीटर, 'तुला थकवा आलाय', आणि अकरा नंबरही.

मशीन अजून चालूच होतं. ताईने ते बंद केलं.

"तेव्हा किती असेल?" तिने विचारलं.

"माहीत नाही. त्र्याण्णव असेल, चौऱ्याहत्तर असेल. आता ते कुणालाही सांगता येणार नाही, ताई. कारण मी मोजलं नाही."

तिने त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मलाही म्हणाली होती ती. बुधवारी. आई, हवा पातळ वाटते. मी म्हटलं, अगं मावशी कालच बघून गेलीय ना." ती कार्डाची कड नखाने सरळ करत राहिली. "रात्री परत म्हणाली. मी परत तेच सांगितलं."

बोलण्यासारखं जे होतं ते कार्डावर होतं.

"या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस, असं म्हणायला पाहिजे मी तुला," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना बोलतात तसा. "पण सोळा घरांत मशीनं आहेत. आधी अकरा नंबर कुणाकडे आहे ते बघ. आजच्या आज. आणि मंगळवारी ये. माझ्याशी बोलू नकोस. काम कर आणि जा."

खाली भावोजींनी सगळं ऐकलं असावं, जिन्याचं दार उघडंच होतं. ते शिवणाऱ्या बाईंना सांगत होते, "एक मास्तर आहेत, बरे होऊन चार महिने झाले, पण मशीन सोडवत नाही त्यांना. म्हणतात, असू द्या घरात. मी आता त्यांच्याकडे जाऊन बसतो. पहिल्या तासात सगळेच नाही म्हणतात. दुसऱ्या तासाला मशीन मला देतात आणि वर दारापर्यंत उचलूनही आणतात." बुधवारी सकाळी मास्तरांचं मशीन मी दोनदा मोजलं आणि ते रंगाऱ्याच्या घरी पोचलं.

अकरा नंबर एका म्हाताऱ्या आजोबांकडे होतं. त्याच मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्या नळीला मीटर जोडलं. ९२. आजोबा म्हणाले, "पास का?" मी म्हटलं, "पास." बाहेर येऊन जिन्यात बसले.

त्या मंगळवारी ताईकडून मी निघताना भावोजी फाटकापर्यंत आले होते. विनोद करतील म्हणून मी थांबले. ते म्हणाले, "ती तुझीच वाट बघत होती. आम्हाला कुठे मोजता येतं?" आणि आत गेले.

पुढच्या मंगळवारी मी चारला गेले. ताईने दार उघडलं आणि काही न बोलता मागच्या खोलीत गेली. मी आधी वर गेले. चादर पुन्हा घातलेली होती. खिडकीत ६२२१.५, म्हणजे मी अर्धा तास चालवलं होतं तेवढंच. मशीनला हात लावला. खोलीइतकंच थंड. तापमापक लावून खात्री केली. २६ आणि २६. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. थांबून राहिल्यासारखं तिथे कुणी नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की कुणीतरी उठून गेलं आहे.

मग खाली आले. त्या आठवड्यात चार मशीनं परत आली होती, भिंतीलगत रांगेत उभी. वायरी गुंडाळून कापडी पट्टीने बांधलेल्या, भावोजी बांधतात तशा. ती मी आता एकेक करून चालू करणार होते, प्रत्येकाला तासभर.

मी पहिल्याच्या अंगावर हात ठेवला. मग दुसऱ्याच्या. मग वाकून तिसऱ्याच्या, चौथ्याच्या.

चारही कोमट होती.

मागच्या खोलीत ताईच्या बादलीचा आवाज येत होता. मी स्टूल ओढलं, मीटर काढून हवेत धरलं. २०.९ येईपर्यंत थांबले आणि मोजायला बसले.